एल्क बघायला पहिल्यांदा कोलोराडोला येताय, सोबत व्हीलचेअर आहे?

आम्ही रॅम्पच्या व्हॅन पुरवतो. टेक्सासहून, न्यू जर्सीहून फोन येतो आणि पहिलाच प्रश्न असतो, "बाबा खुर्चीवर असतात, त्यांना जंगलात नेता येईल का?" नक्की येईल. दिवस कलला की एल्क, म्हणजे इथली थोराड हरणं, आपणहून रस्त्यालगतच्या कुरणात उतरतात. आपण वेळेत जाऊन बसायचं, एवढंच.

सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत त्यांचा माजाचा काळ. रॉकी माउंटन नॅशनल पार्कमध्ये मोरेन पार्क किंवा हॉर्सशू पार्क यांपैकी एक कुरण निवडा. नर तीनशे किलोंच्या आसपास, आपल्या सांबराचा थोराड भाऊबंदच. त्याची हाक खालच्या सुरात सुरू होते, चढत चढत शिट्टीसारखी तीक्ष्ण होते आणि शेवटी खोकल्यासारखे दोन-चार हुंकार. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ती एवढ्या धिप्पाड जनावराची वाटतच नाही. शिकारीमुळे इथून एल्क जवळजवळ संपले होते. 1913-14 मध्ये यलोस्टोनकडून आणून ते पुन्हा सोडले. आता पार्कात शिकारीला बंदी आहे.

या मोसमात संध्याकाळी 5 नंतर कुरणात पायी उतरता येत नाही. धडधाकट माणसंही रस्त्याच्या कडेलाच थांबतात, शिवाय एल्कपासून किमान 75 फूट अंतर सगळ्यांनाच ठेवावं लागतं. म्हणजे जागा सगळ्यांना सारखीच. अडचण असते ती नजरेच्या उंचीची. उभा माणूस गाड्यांच्या टपावरून बघतो, खुर्चीतल्या माणसाला मात्र समोरच्या गाडीचं दार दिसतं. म्हणून चारलाच पोहोचा. आमच्या व्हॅनचा रॅम्प उजव्या बाजूला उघडतो, तेव्हा कुरण उजव्या हाताला राहील अशा दिशेने या. गारठा वाढला तर बाबांना उतरवूही नका, खिडकीतून छान दिसतं.

थंडीचं मात्र गांभीर्याने घ्या. सूर्य डोंगराआड गेला की काही मिनिटांत हुडहुडी भरते, चाकाची धातूची कडी हाताला चटका देते. हातमोजे हवेतच. मणक्याला इजा झालेल्यांना पायातला गारठा जाणवत नाही, म्हणून सोबतच्याने अधूनमधून त्यांची पावलं हाताने चाचपून बघावीत. पार्कलगतचं एस्टेस पार्क गाव साडेसात हजार फुटांच्या वर आहे. उंचीची सवय व्हावी म्हणून पहिली रात्र डेन्व्हरला काढा, आणि हृदयाचा किंवा श्वासाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच तिकीट काढा.

विमानात खुर्ची सोपवण्याआधी तिचे चारही बाजूंनी फोटो घ्या. उशी आणि निघत असेल तर खुर्ची चालवायची जॉयस्टिक स्वतःजवळ ठेवा. आमच्या एका पाहुण्यांची जॉयस्टिक प्रवासात मोडली आणि त्यांचे दोन दिवस हॉटेलच्या खोलीत गेले. ते आम्हाला अजून लागून राहिलंय. बॅटरीची खुर्ची असेल तर विमान कंपनीला 48 तास आधी कळवा.

कायमचं अपंगत्व असलेल्या अमेरिकन नागरिकांना आणि ग्रीन कार्डधारकांना पार्कचा आयुष्यभराचा अ‍ॅक्सेस पास मोफत मिळतो. भारतातून आलेल्या आईबाबांना तो मिळत नाही. त्यांचं प्रवेशशुल्क आणि सर्वांसाठी पार्कात शिरण्याच्या वेळेचं आरक्षण लागतं का, हे तारखा ठरवतानाच बघा.

दुपारी पार्कातल्याच स्प्रेग लेकच्या काठाने फिरून या. वाट सपाट आणि पक्की आहे.

व्हॅन ठरवताना आम्हाला तीन मापं लागतात: खुर्चीत बसल्यावर जमिनीपासून डोक्यापर्यंतची उंची, खुर्चीची रुंदी आणि माणसासकट वजन. टेपने मोजूनच सांगा, अंदाजाने नको.