दंडाला पट्टा, मनगटाला बोटं: नाडी बघण्यामागचा इतिहास

दवाखान्यात गेलं की दंडाला बीपीचा पट्टा बांधतात, मनगटावर तीन बोटं ठेवतात, आणि आपण निवांत बसून असतो. आपल्याकडे नाडीपरीक्षा म्हटलं की लगेच चरक-सुश्रुतांचं नाव निघतं, पण अंगठ्याच्या मुळाशी नाडी बघायची पद्धत नीट मांडलेली सापडते ती बरीच नंतर, शार्ङ्गधरसंहितेत. तिथे त्या धमनीला जीवसाक्षिणी म्हटलंय, वाताची नाडी जळू-सापासारखी, पित्ताची बेडकासारखी, कफाची हंसासारखी. किती बारीक निरीक्षण! आजचे डॉक्टर जिला रेडियल म्हणतात ती हीच.

तिकडे ग्रीकांमध्ये धमन्यांत हवा असते असं मानणारे होते, गॅलेन नावाच्या वैद्यानं दुसऱ्या शतकात त्यात रक्तच असतं हे दाखवलं, पण ते रक्त गोल फिरून परत हृदयाकडे येतं हे मांडायला १६२८ साल उजाडलं. ते मांडणाऱ्या इंग्रज डॉक्टर विल्यम हार्वीनं पट्टीनं दंड करकचून आवळला, मनगटाची नाडी गायब आणि पंजा हळूहळू गार. मग पट्टी थोडी सैल केली तर नाडी परत आली आणि पट्टीखालच्या शिरा टरारून फुगल्या, म्हणजे खोलवरच्या धमनीतून रक्त येतंय पण वरच्या शिरांतून माघारी जायची वाट अजून बंदच. मला तर हा प्रयोग सगळ्यात भारी वाटतो, कारण १८९६ मध्ये इटलीत रिवा-रोचीनं हवा भरायचा पट्टा केला तेव्हा मूळ युक्ती तीच होती, मनगटाची नाडी कधी बंद पडते ते बोटानं बघायचं.

पायाची गोष्ट वेगळी. १७८५ मध्ये लंडनला जॉन हंटरनं एका घोडागाडीवाल्याच्या गुडघ्यामागची फुगलेली धमनी बरी करायला मांडीतली मोठी धमनी बांधली, तेव्हा अशा दुखण्यात बऱ्याचदा पायच कापायचे, पण आजूबाजूच्या बारक्या फांद्यांनी रक्त पोचवलं आणि पाय वाचला. रशियाचा सर्जन कोरोत्कोव्ह युद्धातल्या जखमींच्या अशाच धमन्यांचा अभ्यास करत होता, स्टेथोस्कोप लावून ऐकायचा, त्यातूनच १९०५ मध्ये कोपराच्या खोबणीत आवाज ऐकून बीपी मोजायची रीत आली.

पायाची नाडी मात्र घरी कोणी बघत नाही. आतल्या घोट्याच्या मागे एक लागते, दुसरी पावलाच्या वर, अंगठा उचलला की जी दोरी ताणते तिच्या बाहेरच्या बाजूला. हलकं दाबा, अंगठ्यानं नको, नाहीतर स्वतःचीच नाडी लागेल. पावलावरची काही धडधाकट माणसांतही सापडत नाही, पण डायबेटिसवाल्यांनी चेकअपला गेल्यावर मोजे काढून दोन्ही पाय डॉक्टरांना जरूर दाखवावेत.