झडप व महारोहिणी शल्यचिकित्सक

हृदयाच्या झडपा दुरुस्त करणारा वा बदलणारा आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीवर शस्त्रक्रिया करणारा शल्यचिकित्सक. यासाठी वेगळी पदवी नाही. हृदय, छाती व रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सेत एमसीएच (एमएसनंतरची अतिविशेष पदवी) झाल्यावर हे कौशल्य कामातून हाती बसते.

मराठवाड्यातला विद्यार्थी नीट देऊन घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, नांदेड, लातूर अशा शासकीय महाविद्यालयांत लागतो. एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे, जनरल सर्जरीत एमएस ३, एमसीएच ३. बंधपत्राची सेवा आणि प्रवेशपरीक्षांत जाणारी वर्षे निराळी. आधी बायपाससाठी पायातली शीर काढणे, मग छाती उघडणे-मिटवणे, मग हार्ट-लंग मशीनच्या (शस्त्रक्रियेत हृदय-फुफ्फुसांचे काम करणाऱ्या यंत्राच्या) नळ्या घालणे. झडप हाती यायला पस्तिशी उजाडते.

इथला नेहमीचा रुग्ण म्हणजे संधिवाताच्या तापाने डावी, म्हणजे मायट्रल, झडप आकसलेला तरुण किंवा तरुणी. बालपणी दुर्लक्षिलेली घशाची सूज हे त्याचे मूळ. ४ ते ६ चौ. सेंमी. असणारे तोंड दीडच्या खाली आले की दम लागतो. बाईच्या बाबतीत हे पुष्कळदा पहिल्या गरोदरपणातच उघड होते, कारण तेव्हा रक्ताचे आकारमान वाढते. झडप मऊ असेल तर नळीतून फुगा नेऊन तोंड रुंद करण्याने भागते. चुना (कॅल्शियम) साठला असेल, गळती मोठी असेल तर ती बदलावी लागते. हृदय थंड पोटॅशियमयुक्त द्रावाने थांबवतात, जुनी झडप कापतात, मापकाने कडे मोजतात आणि कड्याभोवती मॅट्रेस पद्धतीचे (दुहेरी) १२ ते १६ टाके घेऊन नवी झडप बसवतात. टाका उथळ पडला तर कडेने रक्त गळते. फार खोल गेला तर शेजारची, हृदयाला रक्त पुरवणारी सर्कमफ्लेक्स धमनी आवळली जाते. चुना हावरटपणे खरवडला तर हृदयाची मागची भिंत फाटू शकते, आणि ती सांधणे महाकठीण.

महारोहिणीचा आतला पदर फाटणे हे खरे आणीबाणीचे काम. कळ छातीतून पाठीत फाडत जाते. हृदयविकाराचा झटका समजून गुठळी विरघळवणारे इंजेक्शन दिले गेले तर रक्तस्राव जिवावर बेततो. वरच्या भागाची फाट असेल आणि शस्त्रक्रिया झाली नाही तर पहिल्या दोन दिवसांत तासागणिक मृत्यूचा धोका वाढत जातो. अशा वेळी हिंगोली वा धाराशिवहून मोठे केंद्र गाठण्यात जाणारा प्रत्येक तास महागात पडतो.

सर्वांत अवघड निर्णय मात्र टाक्यांचा नसतो. धातूची झडप दीर्घकाळ टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते; जैविक झडप तरुणपणी लवकर झिजते. मूल हवे असलेल्या मुलीला ही गोळी गर्भासाठी घातक ठरू शकते, म्हणून ही चर्चा शस्त्रक्रियेआधीच व्हावी. मायट्रल जागी धातूची झडप असेल तर आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचे माप) २.५ ते ३.५ राखतात. तालुक्याला तपासणी न झाल्याने गोळी सुटते आणि झडपेवर गुठळी धरते. ‘पालेभाजी बंद’ हा सल्ला सर्रास दिला जातो, तो चुकीचा: मेथी, अंबाडी, करडई खावी, पण रोज साधारण सारखीच. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या वेदनाशामकाने रक्तस्राव होतो, आणि दात काढण्याआधी प्रतिजैविक घ्यायचे राहिले तर नव्या झडपेला जंतुसंसर्ग होऊ शकतो.