दुखणं अंगावर काढलं की मज्जारज्जूत काय होतं?

“मॉर्फिन इतक्यात नको, पुढे जास्त दुखलं तर काय देणार?” कॅन्सरच्या रुग्णाच्या घरात हा प्रश्न हमखास निघतो. पण मॉर्फिन या तीव्र वेदनाशामकाची मात्रा पुढे गरजेप्रमाणे वाढवता येते. ते राखून ठेवण्यात फायदा नाही, उलट तोटाच आहे.

गाठ नसेवर दाबते तेव्हा वेदनेचा संदेश मज्जारज्जूत पोहोचतो. तिथे पहिल्या चेतापेशीच्या टोकातून ग्लुटामेट हे रसायन सुटतं आणि पुढची पेशी उद्दीपित होते. या पुढच्या पेशीवर एनएमडीए नावाचे ग्राही, म्हणजे रसायनाचा संदेश पकडणारी प्रथिनं, असतात. एरवी त्यांच्या छिद्रात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. संदेशांचा मारा थांबेनासा झाला की पेशीचा विद्युतदाब बदलतो, बूच निघतं आणि कॅल्शियम आत शिरतं. त्याने किनेझ ही फॉस्फेट जोडणारी विकरं (एन्झाइम) कामाला लागतात, ग्राहींवर फॉस्फेट चढतं, आणखी ग्राही पेशीच्या पृष्ठभागावर येतात. मग तेवढ्याच संदेशाने जास्त दुखतं. चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. मज्जारज्जूतली ही वाढीव संवेदनशीलता चेताशास्त्रज्ञ क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ मध्ये दाखवून दिली.

मॉर्फिन नेमकं इथेच काम करतं. ते या पेशींवरच्या म्यू नावाच्या ग्राहींना चिकटतं, पहिल्या पेशीतले कॅल्शियमचे मार्ग मिटतात आणि ग्लुटामेट कमी सुटतं. दुसऱ्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं, त्यामुळे ती सहजी उद्दीपित होत नाही. तोंडाने घेतलेल्या साध्या मॉर्फिनचा परिणाम सुमारे ४ तास टिकतो. म्हणून ते दुखण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे द्यायचं असतं.

वेदना हा भोग आहे, सोसला की फिटतो, ही समजूत मला क्रूर वाटते. मॉर्फिन म्हणजे मरणाची तयारी, हीसुद्धा खोटी. योग्य मात्रेत, हळूहळू वाढवत दिलेलं मॉर्फिन मृत्यू जवळ आणत नाही.

मात्र किती वेदना चालेल, हे रुग्णालाच विचारायला हवं. एखाद्याला ० ते १० च्या मोजपट्टीवर ४ चालते, पण माणसं भेटायला आली की टक्क जागं राहायचं असतं. दुसऱ्याला फक्त शांत झोप हवी असते. आज सांगितलेलं पुढच्या आठवड्यात बदलू शकतं, तेव्हा पुन्हा विचारावं. गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठ मात्र ओसरत नाही, म्हणून रेचक पहिल्या मात्रेपासूनच सुरू करतात. हे आधी सांगितलं नाही, तर पोटाच्या त्रासाला कंटाळून रुग्ण गुपचूप गोळ्या टाळायला लागतो आणि घरच्यांना वाटतं, औषध लागू पडत नाही.