बाप्पाला काय आवडतं आणि चार वर्षांच्या मुलाला काय कळतं

‘असं केलेलं बाप्पाला आवडत नाही हं!’ लहान मूल असलेल्या मराठी घरात हे वाक्य दिवसातून एकदा तरी कानावर पडतंच. मांजराची शेपटी ओढली, ताईचा खडू मोडला, पानात टाकलं, की बाप्पा हजर. पण या एकाच वाक्याकडून मोठी माणसं तीन वेगवेगळी कामं करून घेतात. कधी ते आमिष असतं, कधी धाक, तर कधी समोरच्याला काय वाटलं असेल तिकडे दाखवलेलं बोट. मुलावर तिन्हींचा परिणाम सारखा होत नाही, आणि गेल्या काही दशकांतल्या बालमानसशास्त्राच्या प्रयोगांतून हा फरक बऱ्यापैकी नेमका सांगता येतो.

मुळात मदत करणं शिकवावं लागतं का? जर्मनीत लाइपझिग इथे फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी दीड वर्षाच्या २४ मुलांसमोर छोटे छोटे पेच उभे केले. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा खाली पडतो आणि त्याचा हात तिथवर पोचत नाही. दोन्ही हातांत मासिकांचा गठ्ठा असल्यामुळे कुणाला कपाट उघडता येत नाही. २४ पैकी २२ मुलांनी निदान एकदा तरी आपणहून मदत केली. चिमटा मुद्दाम टाकला असेल, तर मात्र मुलं सहसा जागची हलली नाहीत. म्हणजे त्यांना चिमटा उचलायची हौस नव्हती, अडचण कळत होती. हे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

या प्रयोगातली एक बारीक गोष्ट घरी जशीच्या तशी उचलावी. पहिली दहा सेकंदं प्रयोगकर्ता फक्त पडलेल्या वस्तूकडे बघायचा. पुढची दहा सेकंदं आळीपाळीने वस्तूकडे आणि मुलाकडे. त्यानंतरच तो ‘माझा चिमटा!’ एवढंच म्हणायचा. ‘उचलून दे’ असं कधीच नाही. बहुतेक मदत पहिल्या दहा सेकंदांतच मिळाली. आपण दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला ‘दे बरं बाळा तो चिमटा’ म्हणून मोकळे होतो, आणि जी मदत होणार होती तिचं आज्ञापालन होऊन बसतं. थांबणं वाटतं तितकं सोपं नाही, घड्याळ लावून बघा.

आता आमिष. ‘खेळणी आवरलीस तर बाप्पा तुला चॉकलेट देईल.’ याच दोघांनी २००८ मध्ये वीस महिन्यांच्या मुलांवर हे तपासलं. मदत केल्यावर काही मुलांना खेळायला ठोकळा मिळत होता, काहींना शाबासकी, काहींना काहीच नाही. नंतर सगळं बंद केल्यावर ठोकळा मिळालेल्या गटाची मदत घटली. काहीच न मिळालेली मुलं पूर्वीसारखीच धावत राहिली. नुसत्या शाबासकीने तोटा झाल्याचं दिसलं नाही. तेव्हा मदतीच्या बदल्यात मोदक ठरवून ठेवू नये. प्रसादाचा मोदक प्रसाद म्हणून द्यावा: सगळ्यांना, आणि सारखा.

धाकाची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, कारण ‘देव सगळं बघतो’ हे मुलाला कोणत्या वयात काय म्हणून कळतं, हा आधीचा प्रश्न. २००१ मध्ये जस्टिन बॅरेट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मुलांना बिस्किटांचं खोकं दाखवलं. आत दगड होते. मग विचारलं: आत न डोकावता तुझ्या आईला काय वाटेल? आणि देवाला? तीन-चार वर्षांची मुलं बहुतेक सरसकट म्हणाली, दोघांनाही दगड आहेत हे माहीत असणार. पाचच्या पुढची मुलं म्हणू लागली की आई बिस्किटं म्हणेल, देवाला मात्र दगड ठाऊक असतील. तीन वर्षांच्या मुलाला ‘बाप्पा बघतोय’ म्हणण्याने विशेष काही सांगितलं जात नाही ते यामुळेच. त्याच्या लेखी आईलाही सगळं कळतंच. पाचव्या वर्षाच्या आसपास वाक्याला धार येते.

आणि ती धार चालते. जेरेड पियाझा, जेसी बेरिंग आणि गॉर्डन इन्ग्रॅम यांनी २०११ मध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना नियम पाळून जिंकणं जवळपास अशक्य असलेला चेंडूफेकीचा खेळ एकट्याने खेळायला दिला. काहींना सांगितलं होतं, की त्या रिकाम्या खुर्चीवर एक अदृश्य राजकन्या बसली आहे. ज्यांचा तिच्यावर विश्वास बसला, त्यांनी लबाडी कमी केली. पण इथे मोजली गेली ती लबाडी. कुणी बघतंय म्हणून मूल काय करत नाही एवढंच यातून कळतं; रडणाऱ्या भावाला ते जवळ घेईल का, याचं उत्तर यात नाही.

धाक जिथे खरोखर अपाय करतो ती जागा वेगळीच आहे. ठेच लागली की आपण पटकन म्हणतो, ‘बघ, बाप्पाने शिक्षा केली!’ जाँ पियाजे यांनी १९३२ मध्येच दाखवलं होतं, की लहान मुलं अपघाताकडे आपसूकच शिक्षा म्हणून बघतात: सफरचंदं चोरून पळणारा मुलगा पूल मोडून पाण्यात पडला, तर चोरी केली म्हणूनच पूल मोडला असं ती सांगत. ही समजूत वयाबरोबर सैल होते. आपण तिला खतपाणी घातलं, तर ताप आलेलं मूल अंथरुणात ‘मी काय वाईट केलं?’ याचा हिशोब मांडत पडतं. बाप्पाची ‘कट्टी’ हाही याच जातीचा प्रकार. प्रेम काढून घेण्याची धमकी, फक्त ती देवाच्या नावाने दिलेली.

उरतो तिसरा वापर: समोरच्याच्या मनाकडे बोट. मार्टिन हॉफमन यांनी १९६०च्या दशकापासून मांडलं, की दरडावणं किंवा रुसून बसणं यापेक्षा ‘तुझ्या करण्याने त्याला काय झालं’ हे सांगणं मुलात जास्त मुरतं. म्हणून वाक्यांचा क्रम महत्त्वाचा. आधी दिसणारी गोष्ट: ‘तू ढकललंस, चिनूचा गुडघा खरचटला, बघ, तो रडतोय.’ मग मुलाच्या हातात असलेलं काम: ‘त्याला बरं वाटावं म्हणून काय करू या?’ बाप्पाला आणायचं असेल तर सगळ्यात शेवटी, मूल काही करून आल्यावर: ‘चिनू हसला. बाप्पालाही हे आवडलं असेल.’ बाप्पा पहिल्याच वाक्यात आला की मुलाची नजर चिनूच्या गुडघ्यावरून थेट देव्हाऱ्याकडे जाते. एका दमात तीन वाक्यांपेक्षा जास्त बोलू नये, आणि मूल स्वतःच रडून लाल झालेलं असेल तर एकही नाही. आधी शांत होऊ द्यावं.

वाटून घेण्याच्या बाबतीत पालक फार लवकर निराश होतात. २०१३ मधल्या एका अभ्यासात तीन ते आठ वर्षांच्या मुलांना स्टिकर दिले होते. अगदी लहानांनाही अर्धे द्यायला हवेत हे ठाऊक होतं, तरी प्रत्यक्षात त्यांनी जास्त स्वतःकडे ठेवले. बरोबरीची वाटणी सात-आठच्या सुमाराला दिसली. हा ढोंगीपणा नव्हे. कळणं आणि वळणं यांत चार वर्षांचं अंतर आहे, इतकंच! त्याच वर्षी नादिया चेर्न्याक आणि तामार कुश्नीर यांना आढळलं, की उदास बाहुल्याला आपला स्टिकर द्यायचा की स्वतःकडे ठेवायचा हे ज्या मुलांनी स्वतः ठरवून दिला, त्यांनी पुढच्या बाहुल्याशीही जास्त वाटून घेतलं. द्यायलाच लावलेल्या मुलांनी कमी. तेव्हा निवड खरी हवी. ‘देतोस की नाही?’ असं डोळे वटारून विचारलं तर ती निवड नव्हे. आणि ‘नाही’ आलं, तर ते त्या दिवसापुरतं मान्य करावं लागतं.

धार्मिक घरातली मुलं जास्त दयाळू की कमी, हा वाद इथे हमखास निघतो. ती कमी उदार असतात असं सांगणारा, सहा देशांतल्या मुलांवरचा २०१५ चा गाजलेला शोधनिबंध देशांच्या आकडेवारीतल्या चुकीमुळे २०१९ मध्ये मागे घेतला गेला. त्याचे मथळे मात्र अजून फिरतात.

शेवटची अडचण शब्दांची. ‘मदत कर’ऐवजी ‘मदतनीस हो’ म्हटल्यावर तीन ते सहा वर्षांची मुलं जास्त मदत करतात, असं २०१४ मध्ये दिसलं, आणि ‘तू बाप्पाचा लाडका मदतनीस’ हे आपल्याकडेही सहज तोंडी येतं. पण पुढच्या अभ्यासात कळलं, की मदत करताना काही बिघडलं तर ‘मदतनीस’ म्हटलेली मुलंच जास्त खट्टू होतात आणि पुढच्या अवघड कामापासून मागे सरतात. आजीला पाणी नेताना भांडं कलंडलं, की मुलाच्या मते पाणी नाही, मदतनीसच सांडलेला असतो. अशा वेळी ‘पाणी सांडलं, हे घे फडकं’ एवढं पुरे. फरशी पुसून झाली की भांडं पुन्हा हातात द्यावं, यावेळी अर्धंच भरून.