ट्रॅकवरील हाताळणी (स्पोर्ट मोटरसायकल)

ट्रॅकवरील हाताळणी : ब्रेक, हँडल, थ्रॉटल (वेग वाढवायची मूठ) आणि शरीराचे वजन यांतून चालक जे सांगतो, ते शर्यतीच्या वेगात गाडी किती लवकर आणि किती अचूक ऐकते, त्याला हाताळणी म्हणतात. इंजिनाची ताकद अश्वशक्तीत मोजता येते. हाताळणीला असा एकच आकडा नाही, म्हणून गाड्यांच्या तुलनेत सर्वाधिक वाद इथेच झडतात. ‘चपळ’ आणि ‘स्थिर’ हे दोन्ही शब्द कौतुकाचे. पण एक वाढवायला गेले की दुसरे थोडे तरी कमी होते.

वेगात असलेली मोटरसायकल डावीकडे वळवायची तर हँडलची डावी बाजू पुढे ढकलावी लागते. पुढचे चाक क्षणभर उजवीकडे वळते, गाडी डावीकडे झोपते आणि मग वळण घेऊ लागते. हे झोपवणे किती सहज होईल, ते बऱ्याच अंशी तीन मापांवर ठरते. हँडलचा कणा उभ्या रेषेपासून जितका कललेला असतो, त्या कोनाला रेक म्हणतात. कण्याची रेषा जमिनीला जिथे मिळते, तिथून टायरचा जमिनीवरचा ठसा जितका मागे असतो, तो ट्रेल. तिसरे माप दोन चाकांमधले अंतर, म्हणजे व्हीलबेस. ही मापे कमी केली की गाडी पटकन वळते, पण खडबडीत जागी थ्रॉटल उघडताच तिचे हँडल थरथरायचा धोकाही वाढतो.

पुण्याजवळ चाकणला बनलेल्या केटीएम ड्यूक ३९० आणि आरसी ३९० यांच्या पहिल्या पिढ्यांत हा फरक स्वच्छ दिसतो. दोघींचे ३७३ सीसी इंजिन एकच आणि जाळीदार चौकटही एकाच घडणीची. पण ड्यूकचा २५ अंशांचा रेक आरसीत २३.५ अंश झाला आणि व्हीलबेस १३६७ मिमीवरून १३४० मिमीवर आला. यामाहा आर१५ उलट दिशेने गेली. २००८ च्या गाडीचा व्हीलबेस १२९० मिमी होता, तो २०११ च्या दुसऱ्या आवृत्तीत १३४५ मिमी झाला आणि मागचा टायरही रुंद झाला. रुंद टायरची गाडी तेवढ्याच वळणासाठी जास्त झोपवावी लागते. दुसरी आवृत्ती वेगात जास्त ठाम. झटपट कूस बदलण्यात पहिलीच सरस.

मोठ्या गाड्यांत १९९० च्या दशकाने ही चर्चा पालटली. होंडाचे अभियंते तादाओ बाबा यांनी १९९२ मध्ये फायरब्लेड आणली : ८९३ सीसी आणि कोरडे वजन (इंधन-तेल न भरता) १८५ किलो, म्हणजे तेव्हाच्या ६०० सीसी गाडीइतके. १६ इंची पुढच्या चाकामुळे ती विजेसारखी वळे, आणि काहींना तेच चाक बेचैन वाटे. रचनाकार मास्सिमो तांबुरीनी यांची १९९४ ची डुकाटी ९१६ वेगळ्या वळणाची. तिच्या ९० अंशी व्ही-ट्विन (V आकारात दोन सिलिंडरांच्या) इंजिनाचा पुढचा सिलिंडर जवळजवळ आडवा असल्याने इंजिन मागे सरकवावे लागते आणि गाडी लांब होते. म्हणून तिला वळणात घालायला जोर लागे, मात्र एकदा झोपली की रूळावर असल्यासारखी जाई. १९९८ च्या यामाहा आर१ मध्ये गिअरबॉक्सचे दांडे एकावर एक रचून इंजिनच आखूड केले. वाचलेल्या जागेत मागचा स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा, वर-खाली हलणारा दांडा) लांब झाला, तरी व्हीलबेस १३९५ मिमीवरच राहिला. आखूड गाडीत लांब स्विंगआर्म बसवण्याची ही युक्ती पुढे जवळपास सर्वांनीच उचलली.

फिरणाऱ्या भागांचाही वाटा असतो. चाके आणि क्रँकशाफ्ट (इंजिनातला मुख्य फिरता दांडा) भोवऱ्यासारखे झोपण्याला विरोध करतात. क्रँक चाकांच्या उलट दिशेने फिरवला तर तो विरोध काहीसा कमी होतो. मोटोजीपी या मोटरसायकलींच्या सर्वोच्च जागतिक शर्यतमालिकेतली ही कल्पना डुकाटीने २०१८ च्या पानिगाले व्ही४ मध्ये रस्त्यावरच्या गाडीतही आणली.

तरीही चालक वगळून हाताळणीची तुलना करणे व्यर्थ, आणि याचा उत्तम दाखला व्हॅलेंटिनो रॉसी. २००३ मध्ये होंडावर आणि लगेच २००४ मध्ये यामाहावर विश्वविजेता ठरलेला हा चालक २०११ व २०१२ हे दोन हंगाम डुकाटीवर होता. त्यात त्याला एकही शर्यत जिंकता आली नाही. पुढचे चाक काय करते आहे ते हँडलमधून कळत नाही, ही त्याची मुख्य अडचण. कार्बन फायबरची चौकट जाऊन अॅल्युमिनियमची आली, तरी फारसे बदलले नाही. त्याच कंपनीच्या गाडीवर केसी स्टोनरने २००७ चे जेतेपद मिळवले होते आणि २०१० मध्येही शर्यती जिंकल्या होत्या. रॉसी २०१३ मध्ये यामाहावर परतला आणि त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या असेनच्या ट्रॅकवर जिंकला.

चौकट जितकी ताठ तितकी चांगली, हा समजही अशाच अनुभवांतून मागे पडला. ६० अंशांच्या आसपास झोपलेल्या गाडीचे सस्पेन्शन जवळजवळ आडवे झालेले असते, त्यामुळे रस्त्याचा उंचवटा त्याला नीट गिळता येत नाही. तेव्हा चौकट आणि स्विंगआर्म बाजूला किंचित लवून ते काम करतात. आता अभियंते ब्रेकखाली ताठ पण बाजूने लवचीक चौकट करू पाहतात.

ट्रॅक बदलला की क्रमही बदलतो. कोइंबतूरच्या दोन किलोमीटरहून थोड्याच लांब असलेल्या कारी मोटर स्पीडवेवर हलकी, आखूड गाडी उजवी ठरते. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे; तिथे जोरदार ब्रेकखाली सरळ राहणारी गाडी वेळ कमावते. दोन गाड्या न्यायाने तपासायच्या तर दोघींना एकाच जातीचे टायर, गरम झाल्यावर मोजलेली हवा आणि चालकाच्या वजनानुसार लावलेले सस्पेन्शन हवे. चालक बसल्यावर ते साधारण ३० ते ४० मिमी दबावे असा ट्रॅकवरचा प्रघात आहे. गाडीचा मागचा भाग नुसता पाच मिमी उचलला तरी रेक आणि ट्रेल दोन्ही घटतात, आणि कालची जड वाटणारी गाडी आज हलकी वाटते.