तेरचं कापड आणि खंबातची भरती

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, लातूर-धाराशिवकडची गावं ओस पडतात. सगळे शेतात, कोपीपुढं भज्जी-आंबिलाची पंगत. त्याच अमावास्येच्या सुमारास समुद्राला उधाण येतं, हे आमच्याकडे फारसं कुणाच्या ध्यानात येत नाही. पैठणच्या नाथसागरावर चंद्राचा परिणाम दिसतच नाही. भरती येते ती चंद्राची ओढ पृथ्वीवर सगळीकडे सारखी नसते म्हणून, आणि एवढ्याशा जलाशयात तो फरक नगण्य असतो. त्याला महासागराचा विस्तार लागतो.

तरी मराठवाड्याचं नातं भरतीशी फार जुनं आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या सागरी माहितीग्रंथात लिहिलंय, की गुजरातेतल्या नर्मदेकाठच्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं तेर. पैठणहून मौल्यवान खडे, तेरहून कापड गाड्यांवर लादून भडोचला जायचं. आणि तिथं खंबातचं आखात! नरसाळ्यासारखं निमुळतं होत गेल्यामुळं भरतीचं पाणी आत कोंबलं जातं. भावनगरला उधाणाच्या वेळी भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या वर जातो. अनोळखी खलाशाची नाव तिथं गाळात आडवी व्हायची.

म्हणून तिथल्या राजानं नर्मदेच्या मुखाशी स्थानिक मच्छीमार नेमले होते. ते मोठ्या नावा घेऊन परदेशी गलबतांना सामोरे जात आणि त्यांना उथळ्यांमधून ओढत आत आणत. भरती सुरू झाली की निघायचं, ओहोटी लागली की ठरलेल्या खोल जागी नांगर टाकून थांबायचं. लहान नावेच्या प्रवासाचं याहून चांगलं नियोजन मला आजही सांगता येणार नाही.

कारण हिशेबच तसा आहे. वल्ह्यांवर नाव ताशी 5 किलोमीटर जाते आणि खाडीतलं पाणी ताशी 4 किलोमीटरनं वाहतंय असं धरा. पाण्यासोबत वेग 9, पाण्याविरुद्ध 1. नऊ किलोमीटरचं अंतर सोबत गेलात तर तासाचं. विरुद्ध गेलात तर सहा तास वल्हवून जेमतेम सहा किलोमीटर, आणि तेवढ्यात पाणी आपसूकच उलटतं. मग आधीच का थांबू नये?

पाणी सहा तास एकसारखं चढतही नाही. पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं आणि बहुतेक ठिकाणी प्रवाहाची ओढही तेव्हाच सर्वांत जास्त असते. अरुंद जागा ओलांडायची ती या सहा तासांच्या सुरुवातीला किंवा शेवटी.

वेळ कशी कळायची? कोकणातले लोक तिथीची पाऊणपट करतात. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा. सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं मागं पडतो, म्हणजे जवळजवळ पाऊण तास, त्यातून हा ठोकताळा आला. तो मुंबई-कोकणच्या किनाऱ्यापुरता आणि ढोबळच. प्रत्यक्ष निघताना त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक बघायलाच हवं. अष्टमीच्या आसपास सूर्य आणि चंद्र काटकोनात ओढतात, तेव्हा भांगाची भरती: पाणी कमी चढतं, कमी उतरतं. नवख्यानं हेच दिवस निवडावेत.

वाऱ्याकडे मात्र दुर्लक्ष नको. कोकणात दुपारी वारा समुद्राकडून येतो. त्याच वेळी ओहोटीचं पाणी खाडीतून बाहेर धावत असेल तर दोघांची गाठ मुखाशी, वाळूच्या दांड्यावर पडते. लाटा आखूड आणि उभ्या होतात. छोटी नाव उलटते ती अशा जागी. भरती अजून चढत असताना आत शिरावं; तळ टेकलाच तर थोड्या वेळात पाणीच नाव उचलतं. ओहोटीत टेकला तर पुढच्या भरतीपर्यंत बसून राहावं लागतं. आणि उधाणाच्या ऐन भरतीला वर चढून रुतलात तर पुढचे कित्येक दिवस पाणी तिथवर पोचतच नाही. नाव पुढच्या अमावास्या-पौर्णिमेची वाट पाहत राहते.