फिटनेससाठी रोड बाइक : प्रकार आणि निवड

शर्यत डोक्यात न ठेवता, दम टिकावा आणि वजन आटोक्यात राहावं म्हणून डांबरी रस्त्यावर चालवायची हलकी गिअरची सायकल, बहुतेक वेळा वाकड्या हँडलची. दुकानात रेस, एरो (वारा कापणारी), एन्ड्युरन्स (लांब पल्ल्याची), ग्रॅव्हल (कच्च्या रस्त्याची) आणि सरळ हँडलची हायब्रिड असे प्रकार सांगतात. नावांवर फार जाऊ नये, कारण एका कंपनीची एन्ड्युरन्स दुसऱ्या कंपनीच्या रेस बाइकइतकीच वाकायला लावते.

उगम : एन्ड्युरन्स प्रकार कधी सुरू झाला यावर दोन मतं आहेत. एक मत असं की २००४ च्या सुमारास स्पेशलाइज्ड या अमेरिकन कंपनीनं रूबे नावाचं मॉडेल काढलं तिथून, नाव अर्थातच १८९६ पासून चालत आलेल्या पॅरिस-रूबे या दगडी फरसबंदीवरच्या शर्यतीवरून घेतलेलं. दुसरं मत याच्या बरंच मागं जातं. फ्रान्समधे ओडॅक्स क्लब पॅरिसियननं १९२१ मधे ज्याच्या त्याच्या वेगानं लांब पल्ला पूर्ण करायच्या ब्रेव्हे सुरू केल्या, आणि त्यासाठी विसाव्या शतकाच्या मध्याकडं रुंद टायर, उंच हँडल, मडगार्डला जागा अशा सायकली तिकडचे कारागीर हातानं बनवत होते, म्हणजे आज जे नवीन म्हणून विकतात ते बरंचसं तेव्हाच होतं. हे दुसरं मत जास्त पटण्यासारखं आहे, २००४ नंतर झालं ते एवढंच की कार्बनमधे आलं आणि त्याला वेगळा कप्पा मिळाला. ग्रॅव्हलचंही तसंच, कोणी २००६ ला अमेरिकेत कॅन्ससमधे सुरू झालेल्या शर्यतीकडं बोट दाखवतं, तर कोणी १९५५ च्या ब्रिटिश रफ-स्टफ फेलोशिपकडं.

भूमिती : खरा फरक फ्रेममधे. पायडल ज्याभोवती फिरतात त्या अक्षापासून हेड ट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक आणि त्याच दोन टोकांमधलं आडवं अंतर म्हणजे रीच. ५६ सेंमीच्या आसपासच्या साइजमधे रेस फ्रेमचा स्टॅक साधारण ५६-५७ सेंमी आणि रीच ३९, एन्ड्युरन्समधे स्टॅक ५९ च्या पुढं आणि रीच ३८ च्या आसपास. स्टॅकला रीचनं भागून आकडा १.४५ च्या खाली आला तर कंबर आणि मान वाकणार, १.५ च्या वर गेला तर बसणं निवांत. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या चाळिशीच्या माणसानं सायकलच्या वजनाआधी हा आकडा बघावा. यूसीआयची, म्हणजे जागतिक सायकलिंग संघटनेची, सायकलच्या वजनाची ६.८ किलोची किमान मर्यादा शर्यतीतल्यांसाठी आहे, आपल्या पोटावर चार किलो जास्त असताना फ्रेममधले तीनशे ग्रॅम वाचवायला पैसे घालण्यात काय अर्थ.

गिअर : साताऱ्यात हा मुद्दा सगळ्यात वरचा, कारण शहराबाहेर पडलं की कासकडं जाताना यवतेश्वरचा घाट लगेच चालू होतो. पुढं ३४ आणि मागं ३४ दात असले तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साधारण २.१ मीटर जाते, मिनिटाला ७० फेरे धरले तर ताशी ९ किमीच्या आत. रेसच्या ३६-२८ वर तेवढ्याच फेऱ्यांना साडेअकराच्या आसपास वेग धरावा लागतो, आणि तो नवख्याला चढावर धरता येत नाही, मग फेरे मंदावतात, गुडघ्यावर जोर येतो आणि सायकल घरात कपडे वाळत घालायला उरते. उतरताना डिस्क ब्रेक बरे, रिम ब्रेकनं लांब उतारावर रिम तापते. एरोच्या खोल रिमचा उपयोग सपाटीला, पण सज्जनगड-ठोसेघरवरून पुढं चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडं गेलात तर आडवा वारा पुढचं चाक ढकलतो, तिथं त्या नकोच.

टायर : पूर्वी २३ मिमी रुंदी आणि हवेचा दाब ११०-१२० पीएसआय हेच वेगवान मानायचे, आता शर्यतीतलेसुद्धा २८ वर आलेत, कारण खडबडीत रस्त्यावर कडक टायर उडतो आणि लावलेली ताकद हादऱ्यात जाते. सांगलीकडं चढ कमी, विश्रामबाग-मिरज किंवा हरिपूरकडं जाताना सोपा गिअर फारसा लागत नाही, तिथला प्रश्न वेगळा. गाळप हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेला उसाचा ट्रॅक्टर मागून आला की साइडपट्टीवर उतरावंच लागतं, आणि पाऊस झालेला असला तर काळी माती टायर आणि फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) मधे गच्च बसते, चाक फिरतच नाही, काडीनं उकरून काढावी लागते. म्हणून फ्रेममधे ३२ मिमीचा टायर बसून वर बोटभर मोकळी जागा राहते का ते घेतानाच बघायचं. रोज कच्च्या शिवाररस्त्यानंच जायचं असेल तर ग्रॅव्हल, ४० मिमी, वेग थोडा जातो.

हायब्रिड : सरळ हँडल, स्वस्त, गर्दीत सोपी. तासाभराच्या फेरीला पुरते, त्यापुढं हात धरायला एकच जागा असल्यानं तळवे बधिर होतात.

व्हॉल्व्ह : बऱ्याच रोड बाइकच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, टोकाची चकती आधी सैल करून मग हवा मारायची. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला थेट बसत नाही, पितळी अडॅप्टर मिळतो, तो सीटखालच्या पिशवीत ठेवावा.